तीन हजार एकशे पंचवीसांत एक

३ फेब्रुवारी

साहेबांनी आज सगळ्या कामगारांसमोर माझा अहवाल वाचून दाखवला. "डिग्रीवाल्यांना जमलं नसतं ते यांनी केलं!" आठवीत शाळा सुटलेला माणूस मी. संभाव्यतेचं पुस्तक रद्दीवाल्याकडून आणलं, एकट्याने शिकलो. कुणाचं बोट धरलं नाही.

तक्रार अशी — एका इमारतीत समोरासमोरच्या दोन दारांना आमच्या कारखान्याची कुलपं. एकाच्या किल्लीने दुसऱ्याचं उघडलं. आमच्या किल्लीला पाच खाचा. प्रत्येक खाच पाच मापांपैकी एकाची. म्हणजे ३,१२५ प्रकार. नेमकी समोरच्याचीच किल्ली लागण्याची शक्यता ३,१२५ त एक. तेव्हा हा योगायोग नव्हे, असं मी लिहिलं. खाचा पाडणाऱ्याने तक्त्याप्रमाणे माप बदललं नाही. आळसाने एकाच मापाची दोन कुलपं काढली.

खाचा पाडणारा म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. नातं आड येऊ दिलं नाही — हेही साहेबांनी मुद्दाम सांगितलं.

४ फेब्रुवारी

मेहुण्याला कामावरून काढलं.

६ फेब्रुवारी

घरात अबोला. "वाढू?" यापलीकडे ही बोलत नाही. मुलगी म्हणाली, "मामा शपथेवर सांगतो, तक्ता कधीच चुकवला नाही." मी म्हटलं, आकड्यांना शपथ लागत नाही. फार चांगलं बोललो असं वाटलं. ती उठून आत गेली.

९ फेब्रुवारी

चहाच्या सुट्टीत फिटर म्हणाला, "काय आकडेशास्त्री, सासुरवाडीत परत पाट मिळण्याची शक्यता किती हजारांत एक?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. चहा तसाच ठेवून आलो.

मेहुण्याला दुसऱ्या दोन कारखान्यांनी दारातूनच परत पाठवलं म्हणे. एकसारखी कुलपं काढणारा! आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही.

११ फेब्रुवारी

आज वही चाळताना चूक दिसली. मी हिशेब केला तो त्या एका जोडीचा. पण ती जोडी आम्ही आधी निवडली नव्हती. तक्रार आली म्हणून कळली! शहरात आमची कुलपं लावलेल्या शेजारशेजारच्या दारांच्या जोड्या धरल्या वीस हजार. भागिले ३,१२५. सहा पूर्णांक चार. म्हणजे अशा सहा-सात जोड्या असायलाच हव्यात, कुणाचाही दोष नसताना! उलट एकही नसण्याची शक्यता — सहाशेत एक.

पोराने तक्ता पाळला होता. अगदी बिनचूक पाळला होता. उद्याच साहेबांकडे जायचं.

१२ फेब्रुवारी

साहेबांना कागद दाखवला. तीनदा समजावून घेतला त्यांनी. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे तेव्हा नाही सुचलं?"

"नाही सुचलं, साहेब."

मेहुण्याला उद्यापासून बोलावलंय.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी मेहुणा घरी आला. मी आत शिरताच उठून उभा राहिला! मी माफीची चार वाक्यं पाठ केली होती; दुसऱ्यावर अडलो.

"राहू द्या हो दाजी. चूक माणसाच्याच हातून होते. दुसरा असता तर गप्प बसला असता. तुम्ही स्वतःहून जाऊन सांगितलंत."

आणि ही — दहा दिवसांनी माझ्याकडे बघून बोलली, "अहो, बसा ना. दमून आलात."

जेवताना मान वर करता आली नाही. त्यांना वाटलं, मला भरून आलंय.

१५ फेब्रुवारी

अकरा तारखेची नोंद खोटी आहे. तो भागाकार मी तीन तारखेला सकाळीच केला होता, साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. उत्तर आलं आणि आतून हाक आली, "या, या, सगळे तुमचीच वाट बघतायत!" मी कागद घडी करून खिशात घातला आणि आत गेलो.