ह्यांचं पथ्य

लालबाग, मुंबई
ता. ११ मार्च १९५६

प्रिय शैलाअक्कास कांताचा नमस्कार.

भाऊजींचा खोकला थांबला का? आईचे गुडघे कसे आहेत? शिमग्याला आम्ही गावी का येत नाही, असं तू विचारलंस. अक्का, ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगात साखर वाढलीय, वजन फार आहे. भात निम्मा करा, भाजी दुप्पट खा. मी माठ, मेथी, दुधी करू लागले. पहिल्याच दिवशी हे म्हणाले, "मी बैल आहे का पाला खायला?" आणि पितळेचं ताट माझ्या तोंडावर मारलं. जिन्यावरून पडून दात गेला असं तुला लिहिलं, ते खोटं. नंतर भाजी दिसली की हात उठायचा. तरी मी रोज करायचे. त्यात काळजी होती तसा हट्टही होता.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला नाही असं कळलं आणि रस्ते पेटले. दगड, अश्रुधूर, गोळ्या. त्या दुपारी दुधी बघून ह्यांनी मला पळीनं मारलं आणि तणतणत मोर्च्यात गेले. मी आतून कडी लावली.

थोड्या वेळानं गोळीबार झाला. हे पाय ओढत दारापर्यंत आले. पावलात गोळी लागली होती. "कांता, दार उघड." मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ते दार ठोकत होते, मग नुसते कण्हत होते. समोरच्या राधाबाई ओरडल्या, "कांते, तुझा नवरा रक्तात पडलाय गो." तेव्हा कडी काढली.

साखरेमुळे जखम भरेना. पाय काळा पडला, कापावा लागला. पथ्य पाळलं नाही तर दुसराही जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आणल्यावर मी माठाची भाजी वाढली आणि हात पोचणार नाही इतकी लांब बसले.

"तुला माझी हाक ऐकू येत होती?" ह्यांनी विचारलं.

"येत होती."

ह्यांनी ताट पुढं ओढलं. मग भाताला हात न लावता सगळी भाजी खाल्ली.

आता रोज खातात. वजन उतरलंय. चाळीतल्या बायका म्हणतात, कांतानं नवऱ्याला वाचवलं. मी मान खाली घालते. ते पायाच्या भीतीनं खातात की माझ्या, मी विचारलेलं नाही.

आईला एवढंच सांग, जावई हल्ली भाजी खातात.

तुझ्यापासून आता काही न लपवलेली,
कांता