चुंबकवीरचा ट्रेलर आणि माझा प्रामाणिक धक्का

३ फेब्रुवारी, सोमवार
'चुंबकवीर'ची नवी सिरीज येतेय! ट्रेलर शुक्रवारी सकाळी अकराला. लहानपणी जुनी मालिका बघून मी खिशात लोहचुंबक घेऊन हिंडायचो. तीस वर्षं वाट पाहिली.

आमच्या चॅनेलला हीच संधी. चॅनेल म्हणजे मी आणि मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसायचं, नवा ट्रेलर कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बघायचा, जे वाटेल ते तोंडावर दिसू द्यायचं. सबस्क्रायबर २१२. नियम एकच, आणि तो मीच केलेला: आधी चोरून बघायचं नाही.

मेहुण्याकडून फोनवर शपथ घेतली. मी स्वतः घेतली नाही. मला काय गरज?

खरं तर चॅनेल मी त्याच्यासाठीच काढलं. दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, एकटा पडला बिचारा. माणसाला कोणीतरी लागतं. हे हिला बोलून दाखवलं तर ती भाजी चिरत राहिली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुकानात
११.०२. ट्रेलर आला. पाहिला नाही.
११.१५. वरचं चित्र तेवढं पाहिलं. चित्र म्हणजे ट्रेलर नव्हे.
११.४०. आवाज बंद करून पाहिला. आवाज नसेल तर तो धरायचा नाही.
१२.१०. डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. म्हणजे अजूनही पाहिलेला नाही.
१.०५. जेवणाची सुट्टी. दोन्ही एकत्र. एकदाच. कॅमेऱ्याचा अँगल ठरवायचा तर कोणा जबाबदार माणसाने बघून ठेवायला हवंच.
१.०८. दगा! एक मिनिट बत्तिसाव्या सेकंदाला चुंबकवीर मुखवटा काढतो आणि आत चुंबकवीर नाहीच! त्याची धाकटी बहीण! भाऊ जखमी होऊन पडलाय आणि ही त्याच्या जागी लढतेय. तीस वर्षांच्या निष्ठेचं हे फळ? पाठीत खंजीर खुपसला लेकाच्यांनी.
१.१५. परत पाहिला. अजूनही बहीणच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
दुकान चष्म्यांचं, त्यामुळे आरसे चिक्कार. प्रत्येकात धक्क्याची तालीम केली. तालीम नव्हे, उजळणी. काल बसलेला धक्का खराच होता, तो फक्त उद्यापर्यंत टिकवायचाय. चष्मा काढायचा, छातीवर हात, मग 'नाही!' डोळे तपासायला खुर्चीत बसलेल्या आजींनी घाबरून विचारलं, नंबर इतका वाढलाय का.

लोकांच्या कमेंटही वाचल्या, चारेकशे. निम्मे रडतायत, निम्मे शिव्या घालतायत. मी दोन्ही करायचं ठरवलं.

संध्याकाळी मेहुण्याला फोन. तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणाला की, दोन दिवस मोबाइलचं नेट बंदच ठेवलंय. आज लिफ्टमध्ये दोन बायका ट्रेलरबद्दल बोलायला लागल्या, तर हा चौथ्या मजल्यावर उतरला आणि हत्यारांची पिशवी घेऊन नवव्यापर्यंत जिना चढला. लिफ्टवाला, आणि जिना! खरं बोलणारा माणूस इतकं सविस्तर सांगत नाही. मनात शंकेची पाल चुकचुकली.

आजवर एकूण पाहिला: अकरा वेळा. बिनआवाजी धरलेला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
रेकॉर्डिंग झालं. माझा अभिनय झकास. म्हणजे अभिनय नव्हे, रिॲक्शन. मेहुणा मात्र एक मिनिट बत्तिसाव्या सेकंदानंतर चक्क रडला. घळाघळा. रुमाल नव्हता, तर आमच्या उशीच्या अभ्र्याला नाक पुसलं. उघड उघड ओव्हरॲक्टिंग! आधी पाहिल्याशिवाय माणूस इतका वेळेवर रडेल कसा?

कॅमेरा बंद केला आणि तोंडावर सांगितलं, तू आधी पाहिलायस. त्याने उशी खाली ठेवली. मग म्हणाला की, घटस्फोटाच्या वेळी ताई त्याच्यासाठी अशीच उभी राहिली होती, ते आठवलं. मी म्हटलं, ताईला मध्ये आणू नकोस. ताई म्हणजे ही. ही दारातच उभी होती. तो चहा न घेता गेला.

फार लागलं मनाला. आपलीच माणसं गळा कापतात. पण मी मूग गिळून बसणारा नाही. व्हिडिओ टाकला, नाव दिलं 'मेहुण्याने दगा दिला?' खाली लिहिलं, नीट बघा आणि सांगा, दोघांपैकी ट्रेलर आधी कोणी पाहिला होता? आता लोकच काय तो न्याय करतील.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ९. व्ह्यूज चाळीस हजार!
९.१०. कमेंट वाचतोय. लोकांचा काहीतरी गैरसमज झालाय.
९.३०. कुणा रिकामटेकड्याने आमचा व्हिडिओ स्लो करून दाखवलाय. मुखवटा निघतो १.३२ला. माझा हात छातीवर १.२९ला. 'नाही!' १.३०ला. चष्मा त्याच्याही आधी काढलेला. ट्रेलरमधल्या पुलावरच्या स्फोटाआधी मी खाली वाकलोय म्हणे. 'काकांना धक्का ॲडव्हान्समध्ये मिळाला', या कमेंटला सहा हजार लाइक.
९.४५. उत्तर लिहिलं, आमच्याकडे नेट स्लो आहे.
९.४७. एकाने विचारलं, मग त्याच सोफ्यावर मेहुण्याकडे फास्ट कसं?

दुपारी. पावणेतीन लाख. ज्यांना न्यायाला बसवलं तेच उलटले. मेहुण्याला मात्र सगळे 'दादा, रडू नका' म्हणतायत.

हिने विचारलं, किती वेळा पाहिला होता. एकदा म्हणालो. तिने माझाच मोबाइल माझ्यापुढे धरला. काय किती वेळा पाहिलं, त्यात सगळं राहतं म्हणे. नवरा-बायकोत विश्वास म्हणून उरला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संकल्प: मेहुण्याला मोठ्या मनाने माफ करायचं.

फोन केला. उचलला. रागावलेला नव्हता, तेच जास्त झोंबलं. कामात आहे म्हणाला. मी म्हटलं, झालं गेलं विसरून जा, रविवारी ये. बघतो म्हणाला. त्याचं 'बघतो' म्हणजे येणारच. मी ओळखून आहे त्याला.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी १०. सोफा झटकला. अभ्रा बदलला. सबस्क्रायबर एकोणीस हजार. आता मागे हटायचं नाही.
१०.४५. ट्रॅफिक असेल.
११.३०. कुठेतरी लिफ्ट अडकली असेल. रविवारी काय त्या अडकत नाहीत?
१२.१५. हिला म्हटलं, काय नाही केलं मी त्याच्यासाठी! दोन वर्षं एक रविवार चुकवला नाही, एकटा माणूस म्हणून सोबत दिली, आणि हा असा तोंड फिरवतो.

हिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली की, त्याला मित्र पुष्कळ आहेत. दर रविवारी मैदानावर खेळायला बोलावतात, आज तिकडेच गेलाय. दोन वर्षांपूर्वी तिनेच त्याला विनवलं होतं, यांना कोणी नाही रे, रविवारी सकाळी तेवढा येत जा. म्हणून तो येत होता. पुढे पुढे त्याला आवडायलाही लागलं होतं, असंही म्हणाली.

मी म्हटलं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

माहीत नव्हतं.