नाव किती वेळा आलं

मेम्फिस,
शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

प्रिय डेल्विन,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. तू बरा आहेस, बंदरावरचं काम चालू आहे आणि गुडघा अजून कुरकुरतोय, एवढं कळलं. इकडे सगळं ठीक. उकाडा हटायचं नाव घेत नाही. शाळेच्या ग्रंथालयातला एसी पुन्हा बंद पडलाय आणि मुलं पुस्तकांनी वारा घेत बसतात. मी ओरडत नाही. निदान पुस्तक हातात तरी धरतात.

आपला नियम पाळते: एका पत्रात एक रॅप अल्बम, आणि तो असा की नाव घेतल्यावर दहातल्या नऊ जणांनी ‘कोण?’ म्हणून विचारावं. ह्या वेळी ह्यूस्टनच्या एझेल ब्राइटचा ‘दगडाची उशी’. तू म्हणशील, पहिली चार गाणी म्हणजे नुसतं प्रवचन. मान्य. चौथ्याला तर मीसुद्धा उठून भांडी घासायला गेले. पण पाचव्यात तो एकदम आवाज उतरवतो आणि बापाच्या खिशातून आपण काय काय चोरलं ते सांगायला लागतो. मागे ऑर्गनचा खालचा सूर. आपल्या चर्चमध्ये प्रार्थना संपत आली की वाजायचा ना, तसाच, फक्त जमिनीतून आल्यासारखा. त्या गाण्यात तो माफी मागत नाही, नुसतं सांगतो. मी हातातला साबण तसाच ठेवून उभी राहिले.

ह्या अल्बमकडे कुणी वळून पाहिलं नाही. चर्चवाल्यांना तो रस्त्यावरचा वाटला आणि रस्त्यावरच्यांना चर्चमधला. आपल्याला आवडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच झालंय. दुसऱ्याला विश्वास पटवायला निघालेलं गाणं पडतं, आणि विश्वास ठेवणं आपल्याला किती जड जातंय हे सांगणारं उभं राहतं, असं मला वाटतं. हे वाक्य दोनदा खोडलं. फार गुळगुळीत झालंय. पण खोटं नाही म्हणून राहू दिलं.

एक बातमी आहे. ते नाव तुला नको असतं, तरी लिहिते. आपल्या चर्चच्या डीकन ग्रॅनबेरींना मागच्या महिन्यात शुश्रूषागृहात हलवलं. हृदय थकलंय. ऐंशी पार केली त्यांनी. मी दर गुरुवारी जाते.

का जातेस, असं विचारू नकोस. विचारलंस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. आणि मम्मा गेल्यापासून घरादारातल्या कुणालाच तू लिहीत नाहीस, एक मला सोडून. ती पत्रं बंद होतील असं काही माझ्या हातून होऊ नये, एवढीच मला भीती असते. आज हे का लिहिलं कोण जाणे. उकाड्याने असेल.

गुडघ्याला शेक दे.

तुझीच,
अर्नेटा


मेम्फिस,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

प्रिय डेल्विन,

पत्र मिळालं. अँकरेजला बर्फ पडला, हे वाचून इथे मी शाल काढली. एझेल ब्राइटबद्दल तू लिहिलंस: “मास्तरीणबाई, पाचवं गाणं कबूल, पण त्याच्यासाठी चार प्रवचनं ऐकायला लावलीस ह्याची शिक्षा म्हणून तू माझी भांडी घासायला अलास्कात ये.” मी एकटीच मोठ्याने हसले. तू ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवलंस की मी पुन्हा बारा वर्षांची होते आणि तू माझ्या वहीवर कोक सांडून पळालेला असतोस.

त्याच पत्रातलं दुसरं वाक्य मात्र मी मोठ्याने वाचू शकले नाही. “म्हातारा गेला की कळव, त्या दिवशी मी एकोणीस वर्षांनी चर्चचं गाणं लावीन.”

त्याच्यावर पुढे लिहीन. आधी अल्बम.

फिलाडेल्फियाच्या हलीमा वॉर्डचा ‘पाचवी वेळ’. ही आपल्या चर्चची नाही, मशिदीतली आहे. तिच्या मामाने धर्मात बसत नाहीत म्हणून तंतुवाद्यं नकोत असं सांगितलं होतं, तर हिने सगळीच वाद्यं टाकून दिली. नुसत्या टाळ्या, चुटक्या आणि श्वास. नऊ गाणी. सातव्यात ती बस थांब्यावर उभी आहे, प्रार्थनेची वेळ निघून चाललीय, बस येत नाही. बस, एवढंच गाणं. कुठेही ओरडत नाही. आपल्या पोरांना वाटतं की देव लांब राहतो, म्हणून ती माइकवर किंचाळतात. ही शेजारी बसलेल्याशी बोलावं तशी बोलते. हा अल्बम माझ्या पहिल्या पाचांत आहे. कदाचित तिनांत.

गुरुवारी तो फोनवर घालून घेऊन गेले आणि डीकनांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. सातवं गाणं संपल्यावर म्हणाले, “मुली, ही आपल्या चर्चमध्ये असती तर हिलाही सीड्यांच्या टेबलावर जागा मिळाली नसती.”

मी म्हटलं, “डीकन, पाणी देऊ का?”

“विषय बदलायला तुला अजून जमत नाही. पाणी दे.”

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “तो पोरगा कसा आहे?”

“बरा आहे. गुडघा दुखतो.”

“त्याचा बापही असाच. गुडघा दुखला की साऱ्या गल्लीला कळायचं.” मग पेला माझ्या हातात देत, “सांगितलंस त्याला?”

“नाही.”

“बरं केलंस. मी गेल्यावर सांग. माझ्यावर रागवायची त्याला सवय झालीय. ह्या वयात सवय मोडणं बरं नाही.”

ते हसले आणि हसता हसता खोकला लागला. नर्स येऊन मला ओरडली.

काय सांगायचं, ते तू आता विचारशील. मी लिहायला बसले होते, डेल. ह्या पानामागे दोन पानं आहेत, ती पाकिटात घालत नाहीये. आज उशीर झालाय. नाही, उशीर झालेला नाही, दुपारचे तीन वाजलेत. धीर होत नाहीये, इतकंच.

तुझीच,
अर्नेटा


मेम्फिस,
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय डेल्विन,

तू बरा असशील. मी बरी आहे. तुझ्या उत्तराची वाट न बघता हे लिहिते आहे, कारण तुझं पत्र आलं, त्यात पुन्हा मला ‘मास्तरीणबाई’ असलं, तर मी आणखी एकोणीस वर्षं गप्प बसेन.

आजचा अल्बम: ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार’. अकरा गाणी. गायक तू.

आपण ह्या अल्बमवर कधीच बोललो नाही. तू टाळत होतास कारण तुला दुखायचं. मी टाळत होते ते का, तेच सांगायचंय.

आपल्या चर्चची पद्धत तुला आठवते. रविवारी उपासनेनंतर खालच्या हॉलमध्ये केकच्या शेजारी पोरांच्या सीड्यांचं टेबल लागायचं. टेबलावर सीडी ठेवायची तर आधी तरुण मंडळातल्या कुणीतरी ती ऐकून तक्ता भरायचा: बायबलची वचनं किती, शिव्या किती, आणि येशूचं नाव किती वेळा आलं. डीकन ग्रॅनबेरी तो तक्ता बघून हो किंवा नाही म्हणायचे. तुझ्या अल्बमचा तक्ता कुणी भरला हे तू कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं, डीकनांनीच ऐकला आणि डीकनांनीच नाकारला.

तक्ता मी भरला होता.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत २२ मे २००५च्या पानावर आहे ते जसंच्या तसं उतरवते: “डेल्विनची सीडी दोनदा ऐकली. अकरा गाण्यांत नाव एकदाच, तेही मम्माच्या तोंडी, सुई टोचल्यावर. शेरा लिहिला: श्रद्धा दिसते, नाव दिसत नाही, शिफारस नाही. भाऊ म्हणून सूट दिली नाही, ह्याचं समाधान वाटलं.”

समाधान! हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिलाय.

डीकनांनी मला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, “मुली, पुन्हा एकदा ऐक. मोजू नकोस, नुसतं ऐक.” मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा हवा, नाहीतर लोक म्हणतील बहिणीने भावाला पुढे काढलं. मग दारात जाऊन त्यांनी तुला सांगितलं, “पोरा, टेबलावर ठेवता येणार नाही.” तू त्यांना सगळ्यांसमोर नको ते बोललास. ते ‘तुझ्या बहिणीला विचार’ म्हणाले नाहीत. मी चार पावलांवर केक कापत होते. मीही काही बोलले नाही.

चार महिन्यांनी मम्मा गेली. तिच्या दफनाच्या दिवशी डीकनांनी पुढे केलेला हात तू घेतला नाहीस, आणि त्याच आठवड्यात उत्तरेला निघून गेलास. तीनशे सीड्या तू गॅरेजमध्ये सोडून गेलास.

आता ऐकलेलं सांगते. ह्या महिन्यात मी तो रोज ऐकला, तक्त्याशिवाय.

डायलिसिसच्या तीन दिवसांवर बेतलेला एवढा धार्मिक अल्बम मी दुसरा ऐकलेला नाही. रविवार त्यात कुठेच नाही, आणि तेच बरोबर आहे. मम्मा आत चार तास यंत्राला जोडलेली आणि तू पार्किंगमध्ये गाडीत, मांडीवर वही. ‘चार तास’ ह्या गाण्यात तू देवाला विचारतोस की आत जाऊन तिच्याजवळ बसायला तुला काय होतं, मी तर इथे आहेच. हे मला तेव्हा उद्धट वाटलं होतं. आज वाटतं, माणूस ज्याला ओळखतो त्यालाच असं बोलतो. सहाव्या गाण्याची बीट तू यंत्राच्या आवाजावरून बांधलीस ना? दुसरं कडवं जरा लांबलंय आणि नवव्या गाण्याची अजिबात गरज नव्हती, हे खोटं कौतुक वाटू नये म्हणून लिहिते. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

तरीही एवढ्यावर थांबले तर हे पत्रही त्या तक्त्यासारखंच होईल: सगळं खरं आणि मुख्य गोष्ट गायब.

नियमाचं मी डीकनांना सांगितलं ते अर्धंच होतं. तेव्हा मी नॅशव्हिलला नोकरीला होते. शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी कधी पाहिलेच नाहीत. तुझ्या अकरा गाण्यांत मम्मा होती, तू होतास, नर्स होती, पार्किंगमधला वॉचमनसुद्धा होता. मी नव्हते. कागदावर मी येशूचं नाव मोजत होते, पण कान माझ्या नावाकडे लागले होते. ते एकदाही आलं नाही. आणि येणार कुठून? मी तिथे नव्हतेच. तू खरं तेच गायलास, आणि त्या खऱ्याची मी तुला शिक्षा दिली. येशूच्या नावाने.

हे मला तेव्हा कळत होतं का? ह्या प्रश्नावर मी खूप डायऱ्या भरल्यात. प्रामाणिक उत्तर: थोडं कळत होतं.

परवा गुरुवारी मी डीकनांना सांगितलं की ह्या शनिवारी तुला सगळं लिहिणार आहे. ते रागावले. “एवढी वर्षं मी कशाला गप्प बसलो मग?”

मी विचारलं, “का बसलात?”

“तुझी आई जाणार हे मला तेव्हाच दिसत होतं. त्या पोराला पुढे बहीण लागणार होती. डीकन काय, पुढच्या रविवारी दुसरा मिळतो.”

हे बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी निघाले तेव्हा तसेच होते, पण म्हणाले, “त्याला सांग, ते गुडघ्याचं अंगावर काढू नकोस.”

डॉक्टर नाताळापर्यंतचं बोलतात. त्याआधी तू त्यांना चार ओळी लिहाव्यास एवढंच मागणं आहे. यावंस असं मी म्हणत नाही. म्हणजे यावंस असं वाटतं, रोज वाटतं. तुझ्या वयाचा कुणी टोपी मागे सरकवून रस्ता ओलांडायला लागला की मी गाडी हळू करते. पण ते मागायचा हक्क मला आता नाही. शुश्रूषागृहाचा पत्ता मागच्या पानावर आहे. खोली बारा. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, मोठं लिही. मला नाही लिहिलंस तरी त्यांना लिही. टपाल ह्या दिवसांत रेंगाळतं, दहा दिवस धर.

दुपारी टपाल कार्यालय बंद होतं, म्हणून आता उठते. खाडाखोड बरीच झाली आहे. पुन्हा स्वच्छ लिहून काढणार नाही. स्वच्छ लिहायला बसले की मी काहीतरी गाळते.

तुझी (हे अजून चालत असेल तर),
अर्नेटा