लाल दिव्यावरची टेप

छोट्या,

ही चिठ्ठी आरशाला ज्या काळ्या टेपने चिकटवली आहे, ती ओळखलीस ना? गाडीतल्या ऑइल प्रेशरच्या लाल दिव्यावर तूच लावली होतीस.

आज गाडी माझ्या गॅरेजमध्ये नेली. इंजिन चांगलं तापवून प्रेशरचा मीटर लावला, तर आयडलिंगला, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू असताना, काटा जवळजवळ शून्यावर! ऑइल काठोकाठ आहे, पण पंप ते वर ढकलतच नाही. वीस वर्षं जुन्या गाडीचं इंजिन असं तेलाविना कोरडं फिरवत तू आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला नेत होतास. भर पुलावर इंजिन जाम झालं असतं, तर काय तिला पाठुंगळी घेऊन पळणार होतास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

चावी माझ्याकडे आहे. मागायला येऊ नकोस. उद्या सातला टॅक्सी येईल, आईला त्यातून ने.

दिवा पेटतोय हे तिनेच तुला दाखवलं होतं ना? काल शेजारच्या काकूंना ती कौतुकाने सांगत होती, "माझ्या छोट्याने पाच मिनिटांत दुरुस्त केला." तेव्हाच मला शंका आली.

टेपचं मी तिला सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

ताई