हाकेच्या अंतरावर

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगांचा समजा. पाठ आणि मान तुम्ही निवडलेल्या हॉटेलच्या गादीला वाहून आलोय.) तुमचं बीपी काय म्हणतंय? मामीचे गुडघे? तिला म्हणावं, गुडघ्यांना जपून ठेव, पुढे त्यांचीच गोष्ट येणार आहे.

तुमचं फर्मान मिळालं. जुन्या शहराच्या ऐन मध्यात, खिशाला परवडेल अशा ठिकाणी तुम्हाला आठ दिवस राहायचंय, त्यासाठी हे हॉटेल पक्कं केलंय, मी फक्त एक मुक्काम करून 'सगळं ठीक' असं कळवायचं. सोबत जाहिरातीचं कात्रण आणि त्यावर तुमचा शेरा, की लिहिणारा मुरलेला माणूस दिसतो, यावरून काही शिक, तुझ्या गोष्टींतली माणसं कुठे निघालीत ते तुलाच ठाऊक नसतं. शिकलो. मुक्कामही केला. काहीही ठीक नाही.

जाहिरात म्हणते, 'इतिहासाच्या कुशीत'. मामा, तिथे छपाईची चूक आहे, 'उशीत' हवं. माझ्या उशीत निदान तीन पिढ्यांचं तेल होतं. पुढे म्हणते, 'घरच्यासारखं वातावरण'. हे मात्र शंभर टक्के खरं. पाय ठेवल्या ठेवल्या मॅनेजर खेकसला, "चपला बाहेर!" आणि खोलीतून निघालो की मागून, "पंखा बंद केला का?" (इतकं घरच्यासारखं की मला क्षणभर आईची आठवण आली आणि मी खरंच परत जाऊन बंद केला.) लिफ्ट आहे का विचारलं, तर म्हणाला, "आहे की." कुठाय? "शेजारच्या बँकेत." खोली चौथ्या मजल्यावर, पायऱ्या एक्क्याऐंशी, मी मोजल्यात. साठाव्या पायरीवर एक खुर्ची ठेवलीय, तिला तो 'सोय' म्हणतो. मामीला तिथे बसवून तुम्ही एकटेच वर जाणार आहात का?

आणि सगळ्यात थोर वाक्य, 'मुख्य चौक हाकेच्या अंतरावर'. म्हटलं, बघू या. खिडकी उघडली (म्हणजे निम्मी उघडली, निम्मी हातात आली) आणि चौकाच्या दिशेनं बेंबीच्या देठापासून हाक मारली. चौकाला काही ऐकू गेलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू तेवढ्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोबी आहे का रे?" चौक तिथून बसचे चार थांबे आहे. एवढी मोठी हाक मारणारा माणूस हॉटेलात कशाला राहील? घरी बसूनच चौकाशी बोलेल.

आता तुम्ही म्हणणार, इतकं नेटकं लिहिणारा खोटं कसं लिहील? मामा, असली माणसं जागा न बघता, खुर्चीत बसून, चहा पीत दिवसाला वीस हॉटेलं लिहितात. नेटकं येतं ते म्हणूनच. बघितलं असतं तर शब्द फुटला नसता. तेव्हा मामीच्या गुडघ्यांची शपथ, रविवारच्या आत ते हॉटेल रद्द करा.

तुमचा भाचा

ता. क. माझी खोली लहान आहे, असं मी कळवलं होतं. आहेच. पण तळमजल्यावर आहे. सरळ इथे या. मी ऑफिसात झोपेन.

ता. क. २. ऑफिसवरून आठवलं. मी 'प्रकाशनात' आहे असं आईनं सगळीकडे सांगितलंय. तसंच राहू द्या. ते जाहिरातींचं ऑफिस आहे, आणि हॉटेलांची खुर्ची माझी आहे. 'हाकेच्या अंतरावर' माझंच.

ता. क. ३. कात्रण परत मागितलंत, ते मिळणार नाही. आजवर पाठवलेल्या अकरा गोष्टींवर तुम्ही 'पोचली' एवढंच लिहिलंत. त्या कात्रणावर लाल पेनानं 'वा!' आहे.