ऑकलंडला निघण्यापूर्वीची निरवानिरव

मी, उनाइसी रावुलो, वय सदुसष्ट, व्यवसायाने सल्लागार, राहणार रायवाका, सुवा, हे मृत्युपत्र पूर्ण भानावर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, मन नाही. परवा ऑकलंडला हृदयाची शस्त्रक्रिया आहे. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत.

१. राहते घर माझ्या गावाहून सुवाला शिकायला येणाऱ्या मुलींच्या राहण्यासाठी ठेवावे. आल्यागेल्याला चहा करणे हे त्या मुलींचे काम नाही.

२. कार्यालय, सामानासह, माझी भागीदार राजमती नारायण हिला. कंपन्या, बँका, चर्चच्या संस्था, सगळ्यांना आम्ही जन्मभर एकच सांगितले: तुमच्या कामाने ज्याचे काही जाणार आहे, त्याला आधी विचारा. बहुतेक जण मान डोलावत आणि हवे तेच करत. राजमती म्हणते, "दीदी, यांना सल्ला नको, शिक्का हवाय." असल्यांना तिने दारातूनच परत पाठवावे.

३. गावची जमीन साऱ्या भावकीची सामाईक. ती देणारी मी कोण? पण तिच्यावरून जे झाले ते लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे जो तो आपल्या सोयीचे सांगेल.

एका हॉटेल कंपनीला आमचा किनारा हवा होता. गावावर काय परिणाम होईल हे तपासायला त्यांनी मलाच नेमले. गावची लेक, होकार मिळवून देईल, हा हिशेब. सभेत पुरुष पुढे चटयांवर, बायका दाराशी. त्या किनाऱ्यावर खेकडे-शिंपले वेचून घर चालवतात त्या याच. मी म्हटले, "त्या पुढे आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

माझा धाकटा भाऊ सावेनाका गावाच्या वतीने बोलणारा. तो उसळला, "ताई, तू गावात आलीयेस की गावावर चालून आलीयेस?"

बायका पुढे आल्या. नको म्हणाल्या. मी तेच अहवालात लिहिले आणि कंपनी दुसऱ्या बेटावर गेली. किनारा राहिला, नोकऱ्या गेल्या. सावेनाकाचा मुलगा कामासाठी परदेशी गेला, तो तिकडचाच झाला.

"तू न्याय करून सुवाच्या विमानात बसलीस," सावेनाका म्हणाला. "आम्ही बसलो रिकामी घरं राखत."

तेव्हापासून अबोला. माझे मत बदललेले नाही. तरी ते वाक्य मला एका जागी बसू देत नाही.

४. सावेनाकाला काहीही देऊ नये. (हे कलम कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिले आहे.)

५. इथवर लिहिले आणि सावेनाका दारात. राजमतीने कळवले असणार. बोटीचा प्रवास करून आलेला, खांद्यावर ओली पिशवी. त्याने उभ्या उभ्याच सगळे वाचले.

"मला काहीच नाही?"

"नाही."

"ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही ना?"

"नाही चालत."

"मग माझी चालेल. आण पेन."

मी म्हटले, थांब, चौथे कलम बदलते.

"खबरदार! बदलायचंय ना? परत येऊन बदल. आधी परत ये."

म्हणून कलम चार आहे तसेच ठेवले आहे.

उनाइसी रावुलो (सही)

आम्हा दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही:
१. सावेनाका रावुलो, भाऊ (सही)
२. लोसेना वुकी, शेजारीण, परिचारिका (सही)

सुवा, १४ ऑगस्ट २०२४