रविवारी, चार वाजता

दि. ३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तू शाळेत मुलांना शिकवतेस तसं मलाही शिकवलंस, म्हणून वाचनालयाचं फेसबुकवर पान उघडलं. आठ दिवसांत चार लाइक आले. एक तुझा, एक तुझ्या आईचा, एक आमच्या शिपायाचा आणि चौथा माझाच, चुकून बोट लागून. चौघांचीही कार्डं करून मी खणात अकारविल्हे लावली आहेत.

हसू नकोस. समितीच्या अध्यक्षांनी परवा स्पष्टच सांगितलं, की या महिन्यात एका दिवशी तरी शंभर जणांनी येऊन वहीत सही केली तर वाचनकक्ष राहील, नाहीतर तिथे मोडक्या खुर्च्यांचं गोदाम होईल. सध्या रोज नऊ जण येतात, त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला. एकतीस वर्षं मी त्या खोलीच्या खिडक्या उघडते आहे. ती गेली तर मी घरी बसून करू काय, तुझ्या बाबाशी भांडू? फार धास्ती वाटते गं. उपाय कळव.

लोभ अखंड असलेली,
आत्या

दि. ८ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न., धपाटा पोचला.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. लाइकच्या कार्डांवर नववीची मुलं बाकं बडवून हसली आणि तिथेच तुझी भक्त झाली. त्यांचं म्हणणं, वेळापत्रकाचे फोटो कोण बघणार? परत आलेल्या पुस्तकांत सापडलेल्या वस्तू तू पाकिटात घालून, क्रमांक टाकून जपतेस ना, बसची तिकिटं, केसांच्या पिना, वाळलेली फुलं? रोज एकीचा फोटो टाक. मुलं तो सगळीकडे पोचवतील.

फक्त कुणाचं खाजगी काही टाकू नकोस. आणि कमेंटला उत्तर देताना जावक क्रमांक घालू नकोस, हात जोडते. बाबा म्हणतात, भांडायला केव्हाही ये.

लोभ शेअर करावा, ही विनंती.
तुझी भिंगरी

दि. २४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. घाईघाईने लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

मी गोंधळ घातला! एका पाकिटातली चिठ्ठी टाकली: ‘रविवारी चार वाजता, मागच्या आवारातल्या बाकावर. वाट पाहतो.’ नाव नाही, गाव नाही, म्हटलं यात खाजगी काय? सवयीने खाली पाकिटाचा क्रमांक लिहिला. क्रमांकावरून मला ती तीस वर्षांपूर्वीची हे कळतं, लोकांना कसं कळणार? त्यांना वाटलं, वाचनालयाचंच आमंत्रण!

काल चारला आवारात ही गर्दी! एका बाकावर अकरा जण. कार्यक्रम काय, म्हणून सगळे विचारू लागले आणि माझी पाचावर धारण बसली. शेवटी ठोकून दिलं, की कार्यक्रम वाचनाचाच आहे, सही करा आणि पुस्तक घ्या. अध्यक्ष गर्दी हाकलायला आले, तर त्यांच्याच सुनेने त्यांच्या हातात पुस्तक देऊन त्यांना खाली बसवलं. सह्या झाल्या नव्याण्णव.

तेवढ्यात आमचे घड्याळजी आले. दर महिन्याला भिंतीवरच्या घड्याळाला तेल घालायला येतात ते. सही केली आणि येण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘वाट पाहतो’. तेच अक्षर, भिंगरे!

ती चिठ्ठी त्यांनी मलाच लिहिली होती. पुस्तक परत करताना त्यात ठेवून माझ्या हातात दिली होती. आणि मी शहाणीने ती आधीच्या वाचकाची समजून, न विचारता पाकिटात घालून क्रमांक टाकला! ते म्हणाले, त्या दिवशी सहापर्यंत बसलो, मग समजलो की उत्तर ‘नाही’ असं आहे. लग्न त्यांनीही केलं नाही. आणि मला एवढी वर्षं वाटत होतं, की आपल्या घड्याळालाच तेल फार लागतं.

वाचनकक्ष राहिला. अध्यक्षांनी तसं लिहून दिलं. मी आधी हसले, मग सगळ्यांदेखत रडले.

घड्याळजींनी जाताना विचारलं, येत्या रविवारी चारला बाक रिकामं असेल का? मी म्हटलं, बघते. पण तुला म्हणून सांगते, मी साडेतीनलाच जाऊन बसणार आहे.

हे फेसबुकवर टाकलंस तर याद राख.

तुझी,
आत्या